जाड रिंग

'पहिली' हा शब्द वर्तमानपत्रात छापून आला त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला भली बाई समजायला नको.

'शहाद्यातील पहिली महिला सायकल मेकॅनिक.' मोठ्या अक्षरांत, आणि खाली रंगीत फोटो. फोटोत माझी देराणी काजल, म्हणजे धाकट्या दिराची, कुंदनची बायको. आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून, हातात चाक धरून हसतेय. ते चाक मी आदल्या संध्याकाळी सरळ केलेलं. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एक हात आलाय, कोपरापासून पुढचा, बांगड्या भरलेला, चहाचा ट्रे धरलेला. तो हात माझा आहे. बाकी मी कापली गेले.

महिला दिन होता म्हणून बातमीदार आला होता. त्याने काजलला विचारलं, घरच्यांचा पाठिंबा आहे का? तर ही म्हणाली, "ताईंचा फार आधार आहे. स्वयंपाक, चहापाणी सगळं त्याच बघतात." तेही छापलं. माझ्या बावीस वर्षांचं चहापाणी झालं.

बावीस वर्षांपूर्वी मी सारंगखेड्याकडच्या एका गुजर घरातून इथे लग्न होऊन आले. शेती धाकट्या दिराकडे आणि सायकलचं दुकान आमच्या ह्यांच्याकडे, अशी वाटणी सासऱ्यांनी हयातीतच करून ठेवली होती. सासरे धुडकूआबा. दुकान त्यांनी उभं केलेलं. पुढे रस्त्याला लागून ओटा आणि दुकान, मध्ये पडदा, मागे घर, त्यामागे वाडगं, म्हणजे परस. आबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "पोरी, दुकाननी पायरी बाईमाणूसले नही." रागाने नव्हे, सवयीने सांगितलं. मी पदर नाकापर्यंत ओढून मान हलवली.

पण वाडग्यात भिंतीला एका जुन्या सायकलचा चिमटा उलटा पुरून ठेवला होता. त्यात चाक अडकवून आउट काढायची, म्हणजे वाकडं फिरणारं चाक आरे कमी-जास्त आवळून सरळ करायचं. हे काम आमच्या ह्यांना कधीच जमलं नाही. ह्यांचा हात जड आणि तोंड सैल. एक आरा आवळला की दुसरीकडून चाक वाकडं, की शिव्या चालू. एक दिवस शिव्या देऊन हे जेवायला बसले, तेवढ्यात मी जाऊन ते चाक सरळ करून टाकलं. कसं, ते मला सांगता येणार नाही. अंगठ्याचं नख रिमजवळ धरायचं, चाक फिरवायचं, जिथे नखाला टिक् लागेल तिथला आरा पाहायचा. जेवून उठल्यावर ह्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि तसंच पुढे नेऊन ग्राहकाला दिलं.

तेव्हापासून शहादा तालुक्यातली किती चाकं माझ्या नखाखालून गेली असतील त्याची गणती नाही. हे पडद्याआडून चाक आत सरकवायचे, मी सरळ करून पडदा हलवायचे. पुढे ओट्यावर लोक म्हणायचे, "गोपालभाऊ, तुमच्यासारखी आउट नंदुरबारात कोणी काढत नाही." हे मिशीत हसायचे. मी पोळ्या लाटत ऐकायचे. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण पायरी कोणत्याच बाईला नव्हती. जे कोणालाच मिळत नाही त्याचा हेवा कोण करणार?

मग आबा वारले, आणि दोन वर्षांनी काजल आली. नंदुरबारची, बीएस्सी झालेली, पंजाबी ड्रेसवाली. त्याच सुमारास गावातल्या डॉक्टरांना आणि प्राध्यापकांना गिअरच्या सायकलींचं वेड लागलं. पहाटे उठून प्रकाशा गावापर्यंत जायचं, रविवारी तोरणमाळचा घाट चढायचा. त्या सायकली दुकानात आल्या की हे डोकं खाजवायचे. काजलने मोबाइलवर बघून, पुस्तकं वाचून, हत्यारं मागवून ते काम अंगावर घेतलं. आणि सरळ ओट्यावर जाऊन बसली. मी पडद्याआड उभी होते. वाटलं, आता हे, तिचे थोरले दीर, जेठ, हिला बोलतील. हे म्हणाले, "काजल, तुले स्टँड लई देऊ का? खाले बशीसन कंबर दुखी."

बावीस वर्षं मी वाडग्यात जमिनीवर बसून काम केलं. माझी कंबर कोणाला आठवली नाही.

हो, मी जळते. जळते तर जळते. ती वाईट असती तर बरं झालं असतं. वाईटही नाही ती. मला भाजी निवडून देते, माझ्या गुडघ्यांना तेल आणून देते. तिच्या फक्त लक्षातच येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. ग्राहक चाक फिरवून म्हणतो, "काजलताई, काय सरळ काढलंय!" आणि ती हसते. खोटं बोलत नाही, नुसती हसते. हेही असेच हसायचे.

आता मूळ गोष्ट.

नवनीत सर म्हणून कॉलेजात शिकवतात, ते काजलचे पक्के ग्राहक. प्रकाशाच्या रस्त्यावर खड्ड्यात त्यांच्या मागच्या चाकाचं रिम फुटलं. त्यांनी सुरतेच्या एका ओळखीच्याकडून वापरलेलं पण चांगलं चाक मागवलं आणि गुरुवारी दुकानात आणून टाकलं. रविवारी तोरणमाळ होतं. चाक बसने आलं होतं, कशाखाली दबलं होतं कोण जाणे, चांगलंच वाकडं झालेलं. हे ते घेऊन आत आले. "आउट काढ वं. सरनं शे."

मी काढली. ते चाक हलकं होतं, आरे पातळ पात्यांसारखे, जरा जास्त पिळला तर तुटणारे. दोन तास लागले. शेवटी फिरवलं तेव्हा नख रिमपासून फक्त केसभर अंतरावर धरलं तरी कुठे टिक् नाही. इतकं सरळ चाक मी आजवर काढलं नव्हतं. मी ते थोडा वेळ तसंच फिरत ठेवलं.

शुक्रवारी दुपारी ओट्यावर ऊन आलं म्हणून काजल सामान घेऊन वाडग्यात आली. सरांच्या जुन्या चाकावरची कॅसेट तिला या चाकावर चढवायची होती. गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकावर दातेरी चकत्यांचा गठ्ठा असतो, ती कॅसेट. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, खाचांवर ती सरकवायची आणि वरून लॉकरिंग नावाची आट्यांची कडी आवळून टाकायची. पण सरांची कॅसेट दहा गिअरची आणि सुरतेचं हब अकरा गिअरचं, म्हणजे जास्त रुंद. मागे उरलेली जागा भरायला दोन रिंगा घालाव्या लागतात, एक जाड आणि एक पातळ. सुरतवाल्याने त्या दोन्ही पिशवीत घालून पाठवल्या होत्या. काजलने वर्तमानपत्र अंथरून त्यावर सगळं ओळीने मांडलं आणि मला, मी विचारलं नव्हतं तरी, समजावून सांगू लागली. "ताई, हाई जाड रिंग एक पॉइंट पंच्याऐंशी. हाई नही टाकी ते कॅसेट हाली."

मला ते माहीत होतं. पडद्याआड उभं राहून तिचं प्रत्येक काम मी पाहिलेलं होतं. लॉकरिंग किती फेरे फिरते, कुठे कट्-कट् वाजायला लागते, सगळं. पण मी ऐकत राहिले. आणि माझी नजर गेली तिने अंथरलेल्या कागदावर. जुनंच वर्तमानपत्र. नेमकं तेच पान. तिचा फोटो, 'पहिली' हा शब्द, आणि माझ्या हातावर, त्या छापलेल्या हातावर, ठेवलेली जाड रिंग.

ती ग्रीसचा डबा आणायला आत गेली. मी रिंग उचलली.

मागच्या दाराशी खिळ्याला आबांची माळ लटकायची. आबांचा नियम होता, चाकातून निघालेली कोणतीही रिंग, कोणताही वायसर फेकायचा नाही. तारेच्या कड्यात ओवून ठेवायचा, कधी ना कधी लागतो. चाळीस वर्षांच्या रिंगा आहेत त्यात, फ्रीव्हीलच्या, हबच्या, कशाकशाच्या, गंजलेल्या, ग्रीसने माखलेल्या. मी तार सोडली, रिंगेला माळेवरचंच काळं ग्रीस फासलं आणि खालून तिसऱ्या जागी ओवली. तार पिळली आणि मेथी निवडायला बसले. एवढ्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

काजल आली, बसली, शोधू लागली. कागद उचलला, झटकला, पिशवी उलटी केली.

"ताई, जाड रिंग कोठे गयी? आठेच ठेयेल व्हती मी."

"माले काय माहीत? तुन्ह्या रिंगा सांभाळानं काम मन्हं शे का?"

तिने वाडग्यात चारी बाजूंना वाकून वाकून शोधलं. मला तिच्या पाठीकडे बघून बरं वाटत होतं. खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. उद्या सर येतील, चाक तयार नसेल, ही म्हणेल रिंग हरवली. 'पहिली' मेकॅनिक आणि साधी रिंग सांभाळता येत नाही. माझा बेत एवढाच होता. याच्यापुढे मी गेले नव्हते.

पण काजल अशी हार मानणारी नाही. तिने नुसत्या पातळ रिंगेवर कॅसेट चढवून पाहिली. लॉकरिंग पूर्ण आवळली तरी कॅसेट हाताला डुगडुगत होती. मग ती उठली आणि सरळ मागच्या दाराशी गेली. आबांची माळ खिळ्यावरून काढून माझ्यासमोर बसली.

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. एकेक रिंग ती सरकवत होती. खालून तिसरीवर तिचं बोट गेलं, ग्रीस लागलं, तिने तोंड वाकडं करून बोट पुसलं आणि पुढे गेली. वरच्या बाजूची एक स्वच्छ रिंग काढून हबवर घालून पाहिली. बसली. जुन्या फ्रीव्हीलमागची रिंग होती ती, चांगली तीन मिलीमीटरची. मला लांबूनच कळलं.

तिच्याकडे माप घ्यायचं डिजिटल यंत्र होतं, पण त्याचा सेल संपलेला. कुंदन केळीच्या गाडीबरोबर सुरतेला गेला होता, येताना सेल आणणार होता. तिने यंत्र दोनदा दाबून पाहिलं, बाजूला टाकलं, आणि रिंग माझ्यापुढे धरली.

"ताई, तुमनं नख लायी देखा ना. हाई ती जाड रिंगइतलीच शे ना? तुमना नखले बराबर समजस."

बावीस वर्षांत माझ्या नखाबद्दल कोणी पहिल्यांदा बोललं. त्या क्षणी मी विरघळले असते तर बरं झालं असतं. पण मला उलट चढलं. म्हणजे हिला माहीत आहे! नख माहीत आहे, आउट कोण काढतं ते माहीत आहे, आणि तरी बातमीदारापुढे चहापाणी. मी रिंग अंगठ्यावर घेतली. नख तिच्या कडेवरून फिरवलं. जी हवी तिच्यापेक्षा एक मिलीमीटरने, वर थोड्या जास्तीनेच, जाड होती.

"शे," मी म्हणाले. "तितलीच शे."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. रिंग घातली, कॅसेट चढवली, लॉकरिंग लावली. मी कान देऊन होते. ती लॉकरिंग चार-साडेचार फेरे फिरून मग कट्-कट् वाजायला लागते. इथे दोन फेऱ्यांतच वाजली. घट्ट बसली, डुगडुग नाही, बघायला एकदम छान. पण मागची रिंग जाड म्हणजे सगळा गठ्ठा बाहेर सरकलेला. सगळ्यात छोटी चकती खाचांवर जेमतेम टेकलेली आणि लॉकरिंग दोन आट्यांवर तगलेली. दोन फेरे कमी का, हे काजलला खटकायला हवं होतं. ती क्षणभर थांबलीही. पण माझं नख 'शे' म्हणाल्यावर तिने विचार सोडून दिला.

शुक्रवार गेला. मी दोन्ही वेळ जेवले, झोपले. शनिवारी सकाळी देवपूजा केली. मनाला म्हटलं, सुटली तर सुटली, सर काय लहान आहेत का, साखळी उतरेल, उतरून चढवतील. मग म्हटलं, काजलचं नाव जाईल. मग म्हटलं, जाऊ दे. असं दिवसभर चाललं होतं.

चार वाजता नवनीत सर आले. "काजल, व्हयनं का? सर यी ग्यात," हे ओरडले. मी पडद्याआड माझ्या जागेवर. काजलने सायकल ओट्यावर उभी केली. सरांनी मागचं चाक उचलून फिरवलं आणि खाली बसून बघत राहिले.

"काय सरळ चाक आहे हो! सुरतवाला म्हणाला होता वाटेत वाकडं होऊन जाईल म्हणून. केसभर हलत नाही. काजलताई, हात आहे तुमचा!"

काजल हसली.

झालं, मी मनात म्हटलं, जा आता. जा तोरणमाळला.

सर पुढे बोलतच होते. "खरी मजा उतरताना आहे, गोपालभाऊ. सातपायरीच्या घाटात मी शेवटच्या गिअरवर टाकतो आणि जोर मारत सुटतो. मागच्या वेळी पन्नासचा वेग गेला होता. चाक भरवशाचं असलं की भीती वाटत नाही."

शेवटचा गिअर म्हणजे सगळ्यात छोटी चकती. जी खाचांवर जेमतेम टेकलेली होती तीच. तिच्यावर जोर आला की लॉकरिंग सुटणार, चकती फिरणार, साखळी चकती आणि फ्रेमच्या मध्ये रुतणार आणि मागचं चाक जागच्या जागी अडकणार. पन्नासच्या वेगात, सातपायरीच्या वळणावर. सर हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टा लावत होते. चाक अजून फिरत होतं. माझं चाक. आयुष्यात काढलेलं सगळ्यात सरळ चाक.

मी चांगुलपणाने बाहेर पडले असं मला म्हणायचं नाही. भीती होती, मान्य. पण एवढीच असती तर मी पडद्याआडून ह्यांना हाक मारली असती. मला त्या माणसाला सांगायचं होतं की हे चाक माझं आहे. आणि माझं चाक असं जाऊ शकत नाही. मी पडदा सारला आणि पायरी उतरून ओट्यावर आले. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, मी तो सारखाही केला नाही.

"सर, चाक काढा. हाई चाक असं जावाव नही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "अवं, तू काय करी ऱ्हायनी आठे? मझार जाय."

"काढा म्हनी ऱ्हायनू ना! घाटमा सुटी जाई हाई."

सरांनी काढलं. मी काजलच्या स्टँडशेजारी खाली बसले, तिच्या हत्यारांतून लॉकरिंगचा पान्हा उचलला, साखळीचा पान्हा उचलला, एकाने कॅसेट धरली, दुसऱ्याने फिरवलं. "देखा. एक. दोन. निंघी गयी. चार फेरे पाहिजेत." छोटी चकती काढून तिच्या आतली खाच सरांना दाखवली, कडेलाच नुसती घासून चकाकी आलेली, तेवढीच ती टेकलेली. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी हेल्मेट काढलं.

काजल चकतीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

आता बरोबर रिंग हवी होती. मी तशीच आत गेले, आबांची माळ घेऊन आले, तार सोडली. तेव्हा मला भान यायला हवं होतं. एकेक रिंग बघत, शोधत असल्यासारखं करायला हवं होतं. पण काम हातात असलं की मला नाटक करता येत नाही. माझा हात सरळ खालून तिसऱ्या रिंगेवर गेला. ती ओढली, पदराने काळं पुसलं. आतून कोरी, चकचकीत रिंग निघाली, नव्यासारखी. घातली. पातळ रिंग, कॅसेट, लॉकरिंग. चार फेरे आणि थोडं, मग कट्-कट्-कट्. हलवून पाहिलं. चाक सरांच्या हातात दिलं.

मान वर केली तेव्हा काजल माझ्या पदरावरच्या ताज्या काळ्या डागाकडे बघत होती. मग माळेकडे. मग माझ्या अंगठ्याकडे. तिला सगळं कळलं होतं, 'शे' म्हणाले होते त्यासकट.

"वहिनी!" सर म्हणाले. "माझा जीव वाचवलात तुम्ही. पण हे तुम्हाला कसं येतं?"

बावीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर घोकून ठेवलेलं होतं. सर, मी मागे वाडग्यात बसून बावीस वर्षं या गावाची चाकं सरळ करते आहे. तुम्ही आता फिरवून बघितलंत तेही मीच काढलं. 'पहिली' कोण ते त्या बातमीदाराला जाऊन सांगा. तोंड उघडलं होतं मी.

त्याच्या आत हे हसले. "तिले काय येस, सर! काजलनी शिकाडं व्हई तिले."

सरांनी काजलकडे पाहिलं. मीही पाहिलं.

आता तिची पाळी होती. रिंग ताईंनीच लपवली होती, एवढं ती म्हणाली असती तर त्या ओट्यावर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. ती म्हणाली नाही. चाकाची आउट ताईच काढतात, असंही ती म्हणू शकली असती. तेही म्हणाली नाही. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी शांतपणे म्हणाली,

"हा. मीच शिकाडं."

मी तोंड मिटलं. दुसरं काय करणार होते? नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न रिंगेचा आला असता. आणि त्याहून वाईट म्हणजे कॅसेटपुरतं ते खरं होतं. नख माझं, आउट माझी, पण लॉकरिंगचे फेरे मी तिच्याकडूनच शिकले होते, पडद्याआडून, चोरून.

त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना ती एकच वाक्य बोलली. "तुम्ही 'शे' म्हनेल व्हतं, ताई." एवढंच. मी भाकरी उलटली. तिने पुढे कोणाला काही सांगितलं नाही, ह्यांना नाही, कुंदनलाही नाही. भाजी अजून निवडून देते. तेल अजून आणून देते.

सर तोरणमाळहून धडधाकट परत आले आणि सगळ्या गावात सांगत सुटले की काजलताईने जेठाणीलासुद्धा तयार केलं, चार दिवसांत नव्हे, किती महिने मागे लागून शिकवलं असेल बिचारीने! सोमवारी काजलने वाडग्यातल्या भिंतीतला चिमटा उपटून ओट्यावरच्या खांबाला ठोकायला लावला. त्याच्यासमोर माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं. आबांची माळ तिने मागच्या दारावरून काढून दुकानात समोरच्या खिळ्याला टांगली, जिथून ती दोघींनाही दिसते. ह्यांनी काही हरकत घेतली नाही. काजल म्हणतेय म्हटल्यावर ते कशाला घेतील?

तर आता मी ओट्यावर बसते. पायरी मिळाली, उजेड मिळाला, कंबरेला स्टूल मिळालं. रोज चार चाकं रस्त्याच्या तोंडावर, सगळ्यांदेखत सरळ करते. लोक थांबतात, नख रिमजवळ धरलेलं बघतात, आणि हमखास विचारतात, "वा, वहिनी! काजलताईंनी शिकवलं का?"

तेव्हा काजल हातातलं काम थांबवते. वर बघत नाही, नुसता पान्हा थांबतो.

"हो," मी म्हणते. "तिनेच शिकवलं."

मग तिचा पान्हा पुन्हा चालू होतो.